गुडघ्यातला क्षय

क्षय म्हटले की आपल्याला खोकला आठवतो आणि संधिवात म्हटले की म्हातारपण. शब्दांच्या या सवयीमुळे एक रोग पुष्कळ दिवस लपून राहतो. क्षयाचे जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतात. पण तिथून रक्तावाटे ते हाडांतही जाऊन बसतात. हाडांच्या क्षयात जवळजवळ निम्मे रुग्ण मणक्याचे. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ साली त्याचे वर्णन केले. मणक्याखालोखाल खुबा आणि गुडघा.

माझ्या धाकट्या बहिणीचा उजवा गुडघा सुजला तेव्हा ती पस्तिशीची होती. गुडघा लाल नव्हता, फारसा तापलेलाही नव्हता. मळलेल्या कणकेसारखा नुसता मऊ फुगलेला. नमाजला खाली बसणे सुटले, खुर्ची आली. रक्ताचा ईएसआर वाढलेला निघाला. 'वात आहे' असे सांगून सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले गेले आणि महिनाभर ती जिने चढली!

मंडळी, फसवतो तो हा महिना. सूज ही शरीराने जंतूंशी मांडलेली लढाई असते. स्टिरॉइड ती लढाई थांबवते, म्हणून बरे वाटते; जंतू मात्र आत कूर्चा आणि हाड कुरतडत राहतात. बहिणीची मांडी बारीक होत गेली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी सांध्याच्या आतल्या आवरणाचा तुकडा काढून तपासला. तोवर वर्ष उलटले होते. रोग बरा झाला, पण गुडघा आता अर्धाच वाकतो.

मग ओळखायचे कसे? ऱ्हुमॅटॉइड संधिवात बहुधा दोन्ही हातांचे लहान सांधे सारखेच धरतो आणि सकाळी तासभर बोटे आखडतात. क्षय बहुधा एकच मोठा सांधा धरतो, तोही सावकाश. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे ही लक्षणे असली तर असतात. छातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, सुरुवातीला सांध्याचाही. ईएसआर दोन्ही रोगांत वाढतो. इतकेच काय, संधिवाताची म्हणून जी आरए फॅक्टर तपासणी करतात, ती क्षयातही कधीकधी पॉझिटिव्ह येते. नुसत्या पाण्याच्या तपासणीतही जंतू हुकतात. म्हणून आठवड्यांमागून आठवडे एकच सांधा सुजलेला असेल, तर इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावे, 'हा क्षय नाही ना?' त्यात त्यांचा अपमान नाही. तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, कल्चर आणि सीबीनॅट या तिन्ही तपासण्या आज आपल्याकडे होतात. संधिवातावरच्या इन्फ्लिक्सिमॅबसारख्या नव्या औषधांनी दबलेला क्षय उसळतो हे २००१ साली उघड झाले. तेव्हापासून ती देण्याआधी क्षयाची तपासणी करतात.

क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. फुप्फुसाच्या साध्या क्षयाला सहा महिने, तर हाडाच्या क्षयाला आपल्याकडे निदान वर्षभर औषध चालते. दुखणे त्याच्या कितीतरी आधी थांबते, आणि नेमक्या तेव्हाच गोळ्या सोडणारे निघतात.