जालिम आजार, जालिम डोस?

तीव्र ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला डॉक्टरांनी 'हाय रिस्क' म्हटले की घरातल्यांच्या तोंडी एकच मागणी येते. आजार जालिम आहे तर औषधही जालिम द्या. दागिने मोडू, कर्ज काढू, पण मोठ्यातला मोठा डोस द्या. ही मागणी मायेपोटी असते. पण या आजारात डोस वाढवला की शिफाही तेवढीच वाढते, असे होत नाही. हे वेळीच उमगले नाही तर मोलाचे आठवडे हातचे जातात.

आम्ही येथे प्रामुख्याने तीव्र मायलॉइड ल्युकेमियाबद्दल लिहीत आहोत. हाडांच्या पोकळीतल्या मगजात रक्त तयार होते. या आजारात तेथे कच्च्या पेशींचे रान माजते आणि चांगले रक्त बनणे थांबते. पहिल्या उपचारात सायटाराबिन हे औषध सात दिवस आणि सोबत दुसरे एक औषध तीन दिवस देतात. सायटाराबिनचे मूळ कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात सापडलेल्या द्रव्यांत आहे, हे ऐकून अल्लाहच्या कारागिरीचे नवल वाटते. पहिल्या फेरीत त्याचे प्रमाण शरीराच्या दर चौरस मीटरला दिवसाकाठी 100 ते 200 मिलिग्रॅम असते. आजार दबल्यानंतर जो 'हाय डोस' देतात, तो पूर्वापार पद्धतीत दर बारा तासांनी 3 ग्रॅम, एक दिवसाआड तीन दिवस. म्हणजे त्या दिवसापुरता तीस ते साठ पट!

त्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. 1994 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साठ वर्षांपर्यंतच्या रुग्णांपैकी मोठा डोस घेतलेले 44 टक्के चार वर्षांनी आजारमुक्त होते. लहान डोस घेतलेले 24 टक्के. साठीपुढच्या रुग्णांना मात्र मोठ्या डोसने जादा लाभ झाला नाही, त्रास तेवढा झाला. पुढे याच रुग्णांच्या गुणसूत्रांप्रमाणे हिशेब मांडला तेव्हा खरी गोष्ट समोर आली. मोठ्या डोसचा सर्वाधिक फायदा झाला तो ज्यांची गुणसूत्रे मुळात 'चांगल्या' गटातली होती त्यांना. वाईट गटात मोठा डोस घेऊनही पाच वर्षांनी पाचांतला साधारण एकच आजारमुक्त राहिला.

म्हणजे ज्यांच्यासाठी घरचे मोठा डोस मागतात, त्यांनाच तो एकटा सर्वांत कमी पुरतो. त्यांच्यासाठी बहुधा खरा उपाय असतो मगज प्रत्यारोपणाचा. दात्याच्या संरक्षक पेशी उरल्यासुरल्या कॅन्सर पेशी ओळखून मारतात. हे काम कोणताही डोस करत नाही. तोवर आजार दाबून ठेवणे हे केमोचे काम. भारतातले पहिले असे प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 साली याच आजाराच्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर झाले. दाता तिचा भाऊ होता.

म्हणून पहिल्या आठवड्यातच विचारायचे ते डोसबद्दल नव्हे, तर गुणसूत्रांच्या आणि जनुकांच्या रिपोर्टबद्दल. याच आजाराचा प्रोमायलोसायटिक नावाचा एक प्रकार एके काळी सर्वांत धास्तीचा होता. आज तो व्हिटॅमिन ए पासून बनवलेल्या गोळ्या आणि आर्सेनिक यांनी बहुतेकांचा बरा होतो, अनेकांना तर नेहमीची केमो लागतही नाही.

मोठा डोस ठरलाच तर तो देणे दिवसांचे काम असते, निभावणे आठवड्यांचे. पांढऱ्या पेशी तळाला जातात. डोळे चुरचुरू नयेत म्हणून थेंब घालतात. मेंदूवर परिणाम होत नाही ना हे पाहायला परिचारिका रुग्णाला चालायला लावतात, रोज सही करायला लावतात. सही वाकडी झाली तर लगेच सांगावे. ताप 38 च्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच निघावे. या दिवसांत आपल्याकडची इयादत मात्र जरा आवरावी लागते. मोहल्ल्यातले वीस जण खोलीत येऊन दुआ करतात, त्यांच्यातल्या एकाची सर्दी रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. दुआ घरूनही कबूल होते. ज्यांना काही करायचेच आहे त्यांनी प्लेटलेट द्याव्यात. त्या साधारण पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. आणि रमजानमध्ये दिवसा दाते मिळणे अवघड होते. इफ्तारनंतर कोण येणार याची यादी आधीच करून ठेवलेली बरी.

दात्याबद्दलही घरोघरी धास्ती दिसते, विशेषतः बहीण दाती असली तर. उद्या तिच्या निकाहला अडचण येईल, ती अशक्त होईल, असे बोलले जाते. आता बहुतेक वेळा काही दिवस इंजेक्शने देऊन हातातल्या शिरेतून यंत्राने पेशी घेतात. चिरफाड नसते आणि दिलेला मगज पुन्हा भरून येतो. सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाचे पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. आईवडील आणि मुले निम्मी जुळतातच, आणि आता निम्म्या जुळणीवरही प्रत्यारोपणे होतात. घरात चुलत-मामे नात्यांत निकाह झालेले असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण अशा घरांत सख्ख्यांच्या बाहेरही जुळणी मिळण्याची शक्यता थोडी अधिक असते. तपासणीला थोडे रक्त किंवा गालाच्या आतला एक फाया पुरतो. ती पहिल्या भरतीतच करून घ्यावी.