धुळ्याची तीन मिनिटे

रमजानमधली गोष्ट. मी आणि माझा भाचा जळगावहून धुळ्याला नातेवाइकांकडे गेलो होतो. जळगावच्या वेळापत्रकातली इफ्तारची वेळ झाली, तशी त्याने खजूर तोंडाजवळ नेली. तेवढ्यात घरातल्या बुजुर्गांनी त्याचा हात धरला. "थांब बेटा, हे धुळे आहे. अजून तीन मिनिटं." दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेल्याला तीन मिनिटे म्हणजे काय, हे रोजेदारच जाणे!

रात्री परतताना भाचा म्हणाला, "मामू, पृथ्वी गोल नाहीच. मोबाइलवर पाहिलं मी. ताटासारखी सपाट आहे. मास्तर खोटं शिकवतात. आणि तुम्हीच कवितेत लिहिता ना, धरती अंथरली आहे म्हणून?"

मी चपापलो. कवितेतली धरती डोळ्यांची असते, मोजमापाची नसते. पण मला भीती वाटली ती ‘मास्तर खोटं शिकवतात’ या वाक्याची. एकदा हा विश्वास उडाला की मुलाला कुणीही काहीही शिकवू शकतो. मी आपला बी. ए. झालेला माणूस. म्हटले, "भांडायचं नाही, मोजायचं."

सुरुवात त्या तीन मिनिटांपासूनच केली. धुळे जळगावच्या जवळजवळ सरळ पश्चिमेला, सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर. एवढ्या अंतराला सूर्य तीन मिनिटे उशिरा मावळतो. दिवसाची मिनिटे १४४०. त्यात तीन-तीन मिनिटांचे टप्पे ४८०. ४८० गुणिले ८० म्हणजे ३८,४०० किलोमीटर. आपल्या अक्षांशावरून पृथ्वीला वळसा घातला, तर तो भरतो सुमारे ३७,४०० किलोमीटर. वेळापत्रक आणि पाढे यांच्या जोरावर एवढे जवळ जाता आले!

भाचा हटला नाही. "सूर्य ताटावर दिव्यासारखा फिरतो. म्हणून वेळा बदलतात." ठीक. मग त्याच्याच ताटावर विमान उडवले.

सपाट पृथ्वीवाल्यांच्या नकाशात उत्तर ध्रुव मधोमध असतो आणि दक्षिणेचे देश कडेला. ऑस्ट्रेलियातले सिडनी एका बाजूला, तर दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाची राजधानी सँटियागो जवळजवळ समोरच्या बाजूला. या नकाशाने दोघांतले अंतर २५,००० किलोमीटरहून जास्त होते. गोल पृथ्वीवर ते आहे सुमारे ११,३०० किलोमीटर. या दोन शहरांमध्ये थेट विमाने जातात आणि त्यांना साधारण १३ तास लागतात.

आता भागाकार. ११,३०० भागिले १३, म्हणजे ताशी सुमारे ८७० किलोमीटर. प्रवासी विमानाचा नेहमीचा वेग एवढाच. पण २५,००० भागिले १३ केले, तर ताशी १,९०० किलोमीटरच्या वर! आवाजाचा वेगसुद्धा ताशी १,२०० किलोमीटरच्या आसपास. आज कुठलेही प्रवासी विमान आवाजापेक्षा वेगाने उडत नाही. मग हे १३ तासांत पोहोचते कसे? भाच्याने भागाकार दोनदा तपासला आणि गप्प झाला.

"मग जमीन सपाट का दिसते, मामू?" याचे उत्तर आपल्या खानदेशाच्या अंगणातलेच आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढल्याची नोंद त्यात आहे. याच भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’त कारण सांगून ठेवले. मोठ्या वर्तुळाचा शंभरावा भाग सपाटच भासतो. पृथ्वी प्रचंड, माणूस चिमुकला, म्हणून त्याला ती सपाट दिसते.

म्हणजे डोळे खोटे बोलत नाहीत, फक्त ते लहान आहेत. मास्तरही खोटे बोलत नव्हते. मुले शंका घेतात तेव्हा रागावू नये. हातात घड्याळ, वही आणि पेन्सिल द्यावी.

मी मात्र कवितेत धरती अंथरतच राहणार. फक्त धुळ्यात असलो, तर खजुरीसाठी तीन मिनिटे थांबेन.