अंगठ्याला रेंज लागते

परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसाल करत धारणीकडे निघालं, की मोबाइलची रेंज घाटातच कुठेतरी उतरून जाते. धान्याचा ट्रक मात्र पोचतो. सरकारी गोदामातून द्वारपोच योजनेनं गावच्या रेशन दुकानापर्यंत यायला त्याला परमिट, वजनकाटा आणि ड्रायव्हर पुरतो. पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या मेळघाटातल्या गावांत तर धान्य आगाऊ भरून ठेवण्याची रीतच आहे. घोडं अडतं ते शेवटच्या हातभर अंतरावर, पोतं आणि पिशवी यांच्यामध्ये. तिथे पॉस मशीन असतं.

दिसायला ते कंडक्टरच्या तिकीट मशीनचं भावंड. कार्डाचा नंबर टाकला की घरातली नावं दिसतात, अंगठा ठेवला की ठसा पडताळणीसाठी दूरच्या आधार सर्व्हरकडे जातो. तिकडून होकार आला की अंत्योदय कार्डाला 35 किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. 2023 पासून हे धान्य फुकट आहे. होकार तेवढा मिळवावा लागतो. अकोला शहरात हे क्षणाचं काम. डोंगरात ‘रेंज आली का, भाऊ?’ विचारत अख्खी मजुरी बुडते.

मग मशीन बिनरेंजचं का करत नाहीत? केंद्रानं तर ऑनलाइन, अंशतः ऑनलाइन आणि ऑफलाइन असे तिन्ही प्रकार आधीच मान्य केले होते. पण अडचण खरी आहे. ठशांची प्रत दुकानातल्या डब्यात ठेवणं धोक्याचं. शिवाय ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे धारणीचं कुटुंब कामाला अकोल्याला गेलं तर तिथल्या दुकानातून धान्य उचलू शकतं. ही सोय मोठीच, पण गावचं मशीन रेंजबाहेर असेल तर त्याला ही उचल कळायची कशी? एकाच कार्डावर दोनदा धान्य निघेल, ही पुरवठा खात्याची धास्ती.

मला वाटतं, तोड याच पेचात आहे. परगावच्या दुकानात पडताळणी ऑनलाइनच असू द्या. आपल्या गावच्या दुकानात मात्र मशीननं महिन्याचं नियतन पोटात घेऊन बसावं, वाटप आधी स्वतःकडे लिहावं, आणि रेंज दिसेल तेव्हा हिशेब वर पाठवावा. दुबार उचल निघालीच तर पुढच्या महिन्यात वळती करता येते. उपाशी गेलेला महिना वळता होत नाही. नेटवर्क नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका, असं केंद्रानं 24 ऑक्टोबर 2017 च्या पत्रात राज्यांना बजावलंच आहे. पण अशा वेळी मशीनऐवजी रजिस्टरवर नोंद करून वाटलेल्या धान्याचा जाब उद्या दुकानदारालाच द्यावा लागतो, म्हणून तो ‘उद्या ये’ म्हणतो.

रेंजच आणू, हाही मार्ग करून झाला. 2016 मध्ये हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून तिथे इंटरनेट आणलं गेलं. पण ते डिजिटलपण खरं किती, यावरून 2019 च्या निवडणुकीत सभा रंगल्या! आणि 2024 च्या जुलैत पॉस मशीनांचा सर्व्हरच कोलमडला, तेव्हा भरल्या रेंजमधल्या दुकानांवरही ताटकळण्याची पाळी आली. शासनाला ऑफलाइन वाटपाची मुभा द्यावी लागली.

तेव्हा पुरवठा खात्याला एवढंच सांगणं: पुढची मशीनं घ्याल तेव्हा त्यांची परीक्षा मुंबईत घेऊ नका. सेमाडोहच्या पुढे, श्रावणात, बॅटरी अर्धी उतरलेली असताना घ्या.