विश्लेषण : रूप बदलणारा वाघ आणि त्याला आवरणारी आई… आदिवासी लोककथा नेमके काय सांगतात?

दिवाळीच्या तोंडावर शहरांत वसुबारस असते आणि गाय-वासराची पूजा होते. त्याच सुमारास उत्तर कोकणातील आदिवासी पाड्यांवर वाघबारस साजरी होते आणि मान वाघोबाला मिळतो. इथल्या कथांत वाघ आणि माणूस यांच्यातली रेषा पुसट आहे. माणूस वाघ होतो, सुंदर बाई हडळ निघते. या रूप बदलणाऱ्या शिकाऱ्यांच्या कथांमध्ये बाईची जागा कोणती आणि त्याचा आजच्या जगण्याशी काय संबंध, हे समजून घेऊ.

वाघोबाची कथा काय आहे?

वारली समाजात सांगितल्या जाणाऱ्या या कथेची रूपे अनेक आहेत, गाभा मात्र एकच. लग्नाआधीच दिवस गेलेल्या एका मुलीला मुलगा होतो. त्याला वाघाचे रूप घेता येते. वाघ होऊन तो गावातील जनावरे मारू लागतो. चिडलेले गावकरी आईकडे येतात. आई मुलाला मारू देत नाही, पण पाठीशीही घालत नाही. ‘तू रानात राहा’ असे त्याला सांगते आणि गावाला बजावते, की वर्षातून एकदा त्याची आठवण ठेवा, त्याचा वाटा त्याला द्या. वाघबारशीचा नैवेद्य हा त्या कराराचा भाग मानला जातो.

रम्या नायर, विद्या आत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाच्या १५० स्थानांची नोंद केली आहे. गावाकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, त्यामुळे हा देव दोघांचाही. बिबट्याने शेळी नेली तर माणसे चिडतात, दुःखी होतात. तरीही त्याला रानाचा हक्कदार मानण्याची वृत्ती या श्रद्धेमुळे टिकते, असे हा अभ्यास दाखवतो.

पेण-रोह्याचा संबंध कसा?

पेण आणि रोहा तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात कातकरी आणि ठाकर यांच्या वाड्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी, असे नाव पडले. आपण रामाच्या सैन्यातील वानरांचे वंशज आहोत, रामाच्या आशीर्वादाने त्या वानरांची माणसे झाली, अशी त्यांच्यात सांगितली जाणारी कथा ब्रिटिशकालीन गॅझेटियरने नोंदवली आहे. म्हणजे रूप बदलणे ही इथे कुळाच्या मुळाशीच असलेली गोष्ट आहे.

रोहा आणि मुरूड तालुक्यांत पसरलेल्या फणसाड अभयारण्यात आजही बिबट्याचा वावर आहे. मोळीसाठी, पावसाळ्यात रानभाजीसाठी जंगलात जाणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने असतात. रानाशी रोजचा व्यवहार ज्यांचा, वाघाशी बोलणी करण्याचे काम कथेतही त्यांच्याकडेच यावे, यात नवल नाही.

मग हडळ कोण?

कोकणात बाळंतपणात मेलेली बाई हडळ किंवा लाव होते असे मानत. समोरून देखणी, पाठीमागून पोकळ, पावले उलटी, अशी तिची ओळख. कोकणातील अशा समजुती १९१५ मध्ये आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केलेल्या लोकसाहित्याच्या खंडात आल्या. त्याची सामग्री जमवली होती नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी. १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी ज्यांना गोळ्या घातल्या तेच हे जॅक्सन. त्यांच्या प्रश्नांना गावोगावच्या शाळामास्तरांनी उत्तरे पाठवली होती.

या दोन कथा शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. वाघ झालेल्या मुलाची बाजू घ्यायला आई आहे, त्याला रानात जागा आहे, वर्षाचा मान आहे. बाळंतपणात जीव गेलेल्या बाईच्या वाट्याला मात्र भीती आणि भगताचा उतारा येतो. ज्या बाईला वाचवता आले नाही, तीच पुढे शिकारी ठरते.

इतरत्र अशा कथा आहेत का?

भरपूर. तैवानमध्ये म्हातारीचे रूप घेऊन घरात शिरणारी वाघीण आहे. मोठी बहीण तिचा डाव ओळखते आणि झाडावर चढून उकळते तेल ओतते. फ्रान्समधील ‘लाल टोपी’च्या काही मौखिक कथांत मुलगी लांडग्याला स्वतःच चकवून निसटते. शार्ल पेरोच्या १६९७ च्या छापील कथेत मात्र लांडगा तिला खातो आणि १८१२ मध्ये ग्रिम बंधूंनी तिच्या सुटकेसाठी शिकारी आणला. आपल्याकडे भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी आहेच. तिथे वाघ तसाच राहतो, वेश पालटते ती म्हातारी.

आज याचे काय महत्त्व?

कथेतला संशय प्रत्यक्षात आला की बळी बाईचा जातो. मूल आजारी पडले, गुरे दगावली, की एखाद्या एकट्या किंवा विधवा बाईला ‘भुताळी’ ठरवले जाते. मारहाण होते, गाव सोडायला लावले जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते असा आरोप करून तिचे जगणे कठीण करणे हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. पोलीस ठाण्यात तक्रार करता येते आणि कायद्यात दक्षता अधिकाऱ्याचीही तरतूद आहे.

वाघोबाच्या आईकडे गाव आले तेव्हा तिलाही दोष देता आला असता. लग्नाआधी आई झालेली बाई, तिचा मुलगा वाघ. कथेतल्या गावाने मात्र तिला हाकलले नाही, तिचा शब्द मानला. वाघबारशीला वाघाबरोबर तिचीही आठवण व्हायला हवी.