ईमेलचा पत्ता : नाम कोणाचे, सेवा कोणाची?

शोधनिबंधाच्या तळाशी लेखकाचा ईमेल-पत्ता छापण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. निबंध ग्रंथालयात अनेक दशके राहतो. पत्ता मात्र बहुधा लेखकाच्या नोकरीइतकाच किंवा विद्यार्थिदशेइतकाच टिकतो. एखाद्या बोलीच्या निवेदकाने दहा वर्षांनी दुरुस्ती कळवावी आणि ती कोणासही पोहोचू नये, ही हानी संशोधनाचीच होय. म्हणून या पत्त्याची घटना समजून घेणे अगत्याचे आहे.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये ‘अ‍ॅट’चे चिन्ह योजून पत्त्याचे दोन भाग पाडले : डावीकडे व्यक्ती, उजवीकडे तिचे टपाल ठेवणारे यंत्र. पुढे १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन-नामांची व्यवस्था मांडली, आणि कालांतराने उजव्या भागाचे यंत्राशी असलेले बंधन सुटले. आज डोमेनच्या ‘एमएक्स’ नोंदीत, या नावाचे टपाल अमुक सेवेकडे द्यावे, एवढेच लिहिलेले असते. शब्द व अर्थ यांच्या संबंधाप्रमाणे हा संबंधही सांकेतिक आहे, आणि म्हणूनच तो बदलता येतो. मात्र बदलण्याचा अधिकार डोमेनच्या धारकाकडेच असतो.

नेहमीच्या विनामूल्य पत्त्यात हा धारक कंपनी असते. भारतात १९९५ मध्ये सर्वसामान्यांना इंटरनेट देणाऱ्या विदेश संचार निगमाचे नावच २००८ मध्ये बदलले. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकता येतील, असा नियम गूगलने २०२३ मध्ये जाहीर केला. अशा निर्णयांत पत्ता वापरणाराचे मत विचारले जात नाही.

स्वतःचे डोमेन घेतल्यास सेवा बदलूनही पत्ता तोच राहतो. सेवा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. ती स्वतःचे डोमेन वापरू देते काय? ‘आयमॅप’द्वारे सर्व पत्रव्यवहार आपल्याकडे उतरवून घेता येतो काय? पत्र खरोखर आपल्या डोमेनचेच आहे हे पटविणाऱ्या ‘एसपीएफ’, ‘डीकिम’ आणि ‘डीमार्क’ या नोंदी करण्यास ती साहाय्य करते काय? टपालाचे यंत्र स्वतःच चालविण्याच्या भरीस मात्र पडू नये. अपरिचित यंत्राकडून आलेली पत्रे पुष्कळदा नको असलेल्या टपालात टाकली जातात.

तथापि डोमेन ही मालकी नव्हे. तो मुदतीचा पट्टा आहे. ‘डॉट इन’चे नाव एक ते दहा वर्षांसाठी नोंदविता येते. मुदत चुकली तर ते दुसरा कोणी घेऊ शकतो, आणि मग आपली पत्रेच नव्हे, तर इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवेही त्याच्या हाती पडतात. म्हणून नोंदणीदाराकडे संपर्कासाठी त्याच डोमेनचा पत्ता देऊ नये.

२०१४ पासून ‘डॉट भारत’मुळे देवनागरी डोमेनही मिळते, परंतु सर्वच सेवा देवनागरी पत्ता स्वीकारीत नाहीत, यास्तव जोडीला रोमन पत्ता असावा.

विद्यापीठाचा पत्ता त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. अधिकृत व्यवहारास तोच योग्य. परंतु जो पत्ता छापला जाऊन ग्रंथालयात राहावयाचा, तो लेखकाच्या स्वाधीन असावा, हेच श्रेयस्कर.