मावेल तेवढं पीठ

कागदावर पिठाचं मापच नव्हतं. दूध, साखर, अंड्यांचे बलक, यीस्ट, मीठ, डुकराची चरबी, सगळ्यांपुढे आकडे होते. पिठापुढे मात्र चेक भाषेत दोन-तीन शब्द. "मावेल तेवढं," विहीणबाईंनी अर्थ सांगितला. "आईच्या हाताला ते कळायचं. माझ्याही कळायचं. आता हातच चालत नाहीत."

ही २०१४ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. मुलाच्या लग्नासाठी आम्ही पुण्याहून टेक्सासला गेलो होतो. ह्यूस्टन आणि ऑस्टिन या शहरांच्या मधे फायेट नावाचा परगणा आहे. तिथे डुबिना, प्राहा अशी गावांची नावं लागतात आणि आपण अमेरिकेतच आहोत ना, असा प्रश्न पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोराव्हियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पूर्व भागातून, कितीतरी शेतकरी कुटुंबं गॅल्व्हेस्टन बंदरात उतरली आणि इथे कापूस-मका पिकवू लागली. विहीणबाई त्यांतल्याच एका घराण्यातल्या. त्यांच्या आई घरात चेकच बोलत. विहीणबाईंना ती समजे, बोलता जेमतेम येई. माझ्या होणाऱ्या सुनेपाशी त्या भाषेतले उरले होते ते फक्त खाण्याच्या पदार्थांचे शब्द.

त्यांतला पहिला शब्द कोलाच. अनेकवचन कोलाचे. यीस्टने फुगवलेल्या मऊ, गोडसर पिठाचा छोटा गोळा, मधे बोटांनी केलेला खळगा, त्यात सारण, वर लोणी-साखर-पिठाचा रवाळ चुरा, आणि मग ओव्हनमध्ये भाजायचं. चेक भाषेत 'कोलो' म्हणजे चाक. आपल्या 'चक्रा'शी त्या शब्दाचं दूरचं नातं आहे. मोराव्हियात लग्नाआधी छोटे छोटे कोलाचे करून शेजारीपाजारी आणि नातलगांकडे वाटतात. आपण अक्षत द्यायला जातो ना, तसंच काहीसं.

विहीणबाईंना बारा डझन हवे होते आणि लग्न चार दिवसांवर आलेलं. विकत मिळतात की, असं मी भाबडेपणाने म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. टेक्सासमध्ये पेट्रोल पंपांवरही 'कोलाचे' मिळतात, पण पुष्कळदा त्यांत सॉसेज भरलेलं असतं. हा प्रकार तिथल्या चेक लोकांनीच काढलेला, त्याचं खरं नाव क्लोबास्निक. त्याला कोलाच म्हटलेलं विहीणबाईंना बिलकूल खपत नसे.

"तुम्ही रोज कणीक मळता ना?" त्यांनी विचारलं. संधिवाताने त्यांची मनगटं सुजलेली होती. मी बाह्या सरसावल्या, तेवढ्यात ओट्यावरच्या चरबीच्या डब्याकडे लक्ष गेलं. आमच्या घरात अंडं चालतं, चरबी नाही. मी काही बोलायच्या आत त्यांनी डबा कपाटात ठेवला आणि लोणी काढलं. आईच्या कागदात त्यांनी केलेला हा पहिला बदल, आणि तो माझ्यासाठी.

पहिला घाणा फसला. चूक माझीच. पोळीच्या कणकेची सवय, त्यामुळे हाताला चिकटलं की पीठ घालायचं. पीठ मावत नव्हतं, मी कोंबत होते. कोलाचे नीट फुगलेच नाहीत आणि भाजल्यावर बाट्यांसारखे घट्ट झाले. दुसऱ्या वेळी विहीणबाई शेजारी उभ्या राहिल्या. पुरणपोळीच्या कणकेहूनही सैल गोळा, चकचकीत झाला तरी बोटाला किंचित धरणारा. त्यांनी आपलं वाकडं बोट त्यात टेकवलं, उचललं. "बस." मग तासभर फुगवणं, लिंबाएवढे गोळे, वरून लोण्याचा हात आणि पुन्हा फुगवणं.

सारणं तीन: आलुबुखाराचं, चक्क्यासारख्या ताज्या चीजचं आणि खसखशीचं. त्यांची खसखस निळसर काळी. ती दळून मग दूध-साखरेत शिजवायची; अख्खी ठेवली तर चव दाण्यातच अडकून राहते. करंजीच्या सारणासाठी खसखस भाजून कुटणारीला हे वेगळं सांगावं लागत नाही.

संध्याकाळी विहीणबाईंची थोरली बहीण आली. तिने एक खाल्ला. "चांगला आहे. पण आईचा नाही." विहीणबाई म्हणाल्या, आई नाताळात लोणीच घालायची. बहीण म्हणाली, कधीच नाही. लोणी विकायला जायचं, घरात चरबी. दोघी सत्तरीच्या पुढच्या, पण लहान मुलींसारख्या तोंडं फिरवून बसल्या. माझ्या शाकाहारापायी लग्नघरात भांडण, म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण स्वतःचा चरबीचा डबा घेऊन हजर. "एक ताट आईचं करा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतले. मग सुनेला हाक गेली. तिने आजवर कोलाचे खाल्ले होते, पीठ कधी मळलं नव्हतं. लग्नासाठी रंगवलेली नखं सांभाळत ती मळू लागली आणि लगेच तिचा हात पिठाच्या डब्याकडे वळला. "घालू नकोस!" मी आणि विहीणबाई एकदमच ओरडलो. गोळ्यात बोट टेकवायचं काम तिच्या मावशीने केलं.

लोण्याचे अकरा डझन आणि चरबीचे एक डझन, असे डबे भरले. मला ओळखू यावेत म्हणून चरबीच्या कोलाचांवर चुरा घातला नव्हता. तो डबा वाटायला बाहेर पडलाच नाही, घरातच संपला. त्यातले तीन माझ्या मुलाने खाल्ले, हे मला लग्नानंतर कळलं.