नंदीचा रंग खरवडण्याआधी

जुन्या लाकडी मूर्तीचं एक ठरावीक रूप आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे: काळपट सागवान, रंगाचा मागमूस नाही, अंगावर दोन-चार चिरा आणि किड्याची भोकं. अशी दिसली की ती ‘अँटिक’, आणि ऑइल पेंटनं चकाकणारी असली की ती कालपरवाची. हा समज वर्धा-नागपूर पट्ट्यात जास्त नडतो, कारण रंगवलेलं लाकडी शिल्प इथे संग्रहालयाच्या काचेआड नाही, घरोघरी वापरात आहे. ते म्हणजे तान्ह्या पोळ्याचा नंदी. वर्धा शहराला लागून वाढलेल्या सिंदी मेघेसारख्या गावात घर बदलताना किंवा वाटण्या होताना आजोबा-पणजोबांच्या वेळचा असा नंदी माळ्यावरून खाली येतो, आणि पहिला सल्ला मिळतो तो हाच, की रंग काढून टाका, आतलं अस्सल लाकूड दिसू द्या. (अवाढव्य नंद्यांच्या तान्ह्या पोळ्यासाठी गाजलेलं गाव सेलू तालुक्यातलं सिंदी रेल्वे, बाहेरचे लोक दोन्ही सिंदींची गल्लत करतात, ती इथेच मिटवलेली बरी.) माझं म्हणणं असं, की हा सल्ला मुळातून चुकीचा आहे. रंग हा मूर्तीवर चढलेला मळ नाही. तो मूर्तीचाच भाग आहे, आणि तिच्या वयाचा बराचसा पुरावा त्याच्यातच असतो.

नंदी हे पोरांचं चाकावरचं खेळणं, त्याला मूर्ती कशाला म्हणायचं, असं कुणी विचारील. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, याच बैलाला हळदकुंकू लागतं, तोरणाखाली त्याची पूजा होते आणि मगच पोरं तो घेऊन दारोदार बोजारा (खाऊ-पैसे) मागायला निघतात. ही प्रथा नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी 1806 मध्ये सुरू केली असं परंपरा सांगते. खेळणं आणि पूजेची वस्तू अशी फारकत त्यात नाहीच. दुसरा आक्षेप थोडा सोवळ्यातला: खरी मूर्ती पाषाणाची किंवा धातूची, लाकूड हे गरिबाघरचं. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यात पाषाणानंतर लगेच लाकूड येतं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर मूर्तीसाठी वनात जाऊन झाड कसं निवडावं, यावर वेगळा अध्याय आहे. पुरीचा जगन्नाथ कडुनिंबाचा, रंगवलेला, आणि त्याची काया ठरावीक काळानं बदलली जाते. अलीकडे 1996 आणि 2015 साली बदलली. तिथे देवाचं जुनेपण लाकडाच्या वयावर मुळीच अवलंबून नाही.

लाकूड आपल्या हवेत टिकत नाही, हा समज अर्धाच खरा. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षं मावळातला पाऊस सोसून जागेवर आहेत. सागाच्या गाभ्यात असलेल्या द्रव्यांमुळे उधई त्याच्या वाटेला सहसा जात नाही. बाहेरच्या फिकट लाकडाला मात्र हे संरक्षण नसतं. म्हणून एकाच नंदीचं पोट खणखणीत राहतं आणि एका बाजूची मांडी पोखरलेली निघते. ती मांडी जास्त जुनी असते असं नाही, एवढंच की सुताराच्या हाती आलेल्या ओंडक्याची ती बाजू सालीकडची होती.

भोकांवरून वय ठरवणारे लोक इथेच फसतात. किडा आत वेडीवाकडी बोगदी करतो आणि बाहेर पडताना एक लहान गोल भोक ठेवतो; पृष्ठभागावर दिसायला हवं ते एवढंच. मूर्तीच्या अंगावर उघड्या नाल्या लांबवर धावताना दिसल्या, तर लाकूड आधी किडलं आणि कोरीवकाम नंतर झालं, किंवा कुणीतरी वरचा थर तासून काढला, असा त्याचा अर्थ. आणि सगळी भोकं एका मापाची, सरळ आत गेलेली असली, तर किड्यापेक्षा ड्रिल मशीनवर संशय घ्यावा. काळपटपणाचं तर बोलायलाच नको. चुलीच्या धुरानं आणि तेलाच्या हातांनी काही वर्षांत जे होतं, ते चहाच्या पाण्यानं आणि बुटाच्या पॉलिशनं एका दुपारी साधता येतं.

मग प्रयोगशाळेत कार्बन चाचणी करून घ्यावी का? चाचणी खोटं बोलत नाही, पण आपण विचारलेला प्रश्न तिच्या आवाक्यातला नसतो. ती सांगते ते तपासलेल्या लाकडाचा थर झाडात कधी वाढला याचं साल. सुतारानं पटाशी कधी लावली, हे नाही. जुन्या वाड्याच्या तुळईतून कोरलेला नवा नंदी या चाचणीत शे-दीडशे वर्षांचा ठरू शकतो. त्यातून साधारण 1650 ते 1950 या काळासाठी या पद्धतीची उत्तरं इतकी पसरट येतात, की भोसलेकालीन आणि इंग्रजी अमदानीतला बैल वेगळा काढणं अवघड. सागाला वर्षवलयं असतात आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं त्यांवरून जुन्या पावसाचा अभ्यासही केला आहे, पण त्यासाठी पुष्कळ वलयं सलग दिसावी लागतात. हातभर नंदीत ती मिळणं कठीण.

उरतो रंग. तिळाहून लहान कपची, शक्यतो आधीच उडालेल्या रंगाच्या कडेची, राळेत बसवून घासली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली की थर एकावर एक दिसतात. तळाशी लाकडाला चिकटलेलं पांढरं अस्तर, त्यावर गेरू, हिंगूळ, हरताळ किंवा नीळ यांपैकी जे असेल ते, मग धुळीची आणि काजळीची बारीक काळी रेघ, मग पुन्हा रंग. ती काळी रेघ म्हणजे दोन रंगकामांमध्ये गेलेला काळ. काही रंग आपल्या जन्माचं सालही सांगतात. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झाला. टायटॅनियमचा पांढरा रंग कारखान्यातून बाहेर पडला तो पहिल्या महायुद्धाच्या आसपास. अगदी तळच्या अस्तरातच टायटॅनियम सापडलं, तर तो नंदी ‘भोसल्यांच्या काळातला’ असण्याचा दावा तिथेच संपतो, मात्र ते अस्तर मधल्या काळात कुणी खरवडून नव्यानं दिलेलं नसेल तर. आणि खरवडल्यावर नेमकी हीच खात्री नाहीशी होते. कॉस्टिक सोडा, पॉलिश पेपर आणि एक रविवार. त्यानंतर कोणतीही प्रयोगशाळा काही करू शकत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. घरचे लोक दर पोळ्याला ऑइल पेंटचा नवा हात देतात, त्यात डोळ्यांची कड, झुलीची नक्षी, गळ्यातल्या घुंगरांचे दाणे बुजून जातात. हे नुकसान नाही का? आहे. जाड चकाकता थर लाकडासोबत फुगत-आकसत नाही, तडकतो, आणि उडताना कधी जुना रंगही ओढून नेतो. पण या नुकसानीवर उलट्या टोकाचा उपाय करणं चूक आहे. वरचा थर खालच्याला झाकतो, पुसत नाही. संवर्धनाचं काम जाणणारा माणूस द्रावकानं आणि सुरीनं वरचे थर उतरवून नेमक्या थरावर थांबू शकतो. दरवर्षी रंगाचा हात द्यायचाच असेल तर नवा लहान बैल घ्यावा, नागपूरच्या चितार ओळीत ते दर पोळ्याला मिळतात, आणि जुन्याला हळदकुंकवापुरतं पाटावर ठेवावं. माझ्या मते पूजेत राहिलेला, सात थरांखाली दबलेला नंदी हा पॉलिश करून दिवाणखान्यात ठेवलेल्या नंदीपेक्षा शंभर पटीनं बरा.

उघडं लाकूड म्हणजे कारागिराचा मूळ हेतू, ही कल्पना आपल्याकडची नव्हेच. युरोपातही ती नवी आहे. जर्मन शिल्पकार रीमेनश्नायडर यानं म्युनरश्टाट गावच्या चर्चसाठी 1492 पर्यंत एक लाकडी वेदीशिल्प घडवलं आणि ते न रंगवता सोडलं. बारा वर्षांत गावकऱ्यांनी फाइट श्टोस या दुसऱ्या नामवंत शिल्पकाराकडून ते रंगवून घेतलं. गोव्यातल्या चर्चांमधले लाकडी संतही रंगवलेले आणि सोनेरी वर्ख दिलेलेच घडवले गेले. तरीही दुकानांत आज त्यांच्यासारखी शिल्पं खरवडलेली दिसतात, कारण शहरी गिऱ्हाइकाला फर्निचरशी जुळणारं तपकिरी हवं असतं.

गिऱ्हाइकाचा विषय निघालाच आहे, तर ‘घरचीच वस्तू, कुणालाही विकू’ हा समजही तपासायला हवा. 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं शिल्प हा पुरावशेष. त्यात लाकूडही येतं. तो खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि देशात त्याचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. रंग खरवडल्यानं वस्तू या व्याख्येतून सुटत नाही. फक्त ती शंभर वर्षांची आहे की पन्नास, हे दाखवायला मालकाच्या हातात काही उरत नाही, आणि भाव पाडून मागणाऱ्याला तेच हवं असतं.